मुंबई पाहायची तर आधी दिशा, मग वार, मग वेळ

लग्नकार्य, मुलांची परीक्षा, कुणाचं इस्पितळ, परदेशी निघालेल्याला विमानतळावर सोडणं, अशा कामासाठी मुंबईत आलेल्या पाहुण्याच्या हाती बहुतेक वेळा दोन-तीन दिवस मोकळे उरतात. मग यादी निघते: गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, घारापुरी. यादी चुकीची नसते, चुकतो तो क्रम, आणि दिवसातले चार-पाच तास टॅक्सीत बसून सिग्नल मोजण्यात जातात. या शहरात तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: आपल्याला कुठल्या दिशेला जायचंय, आज वार कोणता, आणि घड्याळात किती वाजलेत. हा मेळ जमला तर मुंबई थोड्या पैशांत आणि मोकळेपणानं पाहता येते.

आधी दिशेचं बघू. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर आणि खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. मोठे रस्ते आणि रेल्वे दोन्ही उभ्या धावतात. आडवं जाणं आजही वेळखाऊ आहे. पाहुण्याला पाहायच्या असतात त्यातल्या बऱ्याच जागा दक्षिण टोकाला, चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन स्टेशनांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. उरलेल्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या लोकल स्टेशनाच्या आसपास. म्हणून जागांची यादी बाजूला ठेवा आणि स्टेशनांची करा. चर्चगेटला ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह. चर्नी रोडला गिरगाव आणि चौपाटी. ग्रँट रोडला गावदेवीतलं मणिभवन, जिथं १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम असे. महालक्ष्मीला धोबीघाट, तोही स्टेशनबाहेरच्या पुलावरूनच दिसतो, आणि पुढे हाजी अली व महालक्ष्मीचं देऊळ. भायखळ्याला राणीची बाग. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीची लेणी. अर्ध्या दिवसाला एक स्टेशन, फार तर शेजारची दोन, एवढाच बेत ठेवा.

लोकलची भीती बाहेरगावच्या माणसाला असते, आणि गर्दीच्या वेळी ती रास्तही आहे. पण ही गर्दी ठरलेल्या वेळी ठरलेल्या दिशेलाच वाहते. सकाळी आठ ते अकरा ती दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे परतते. तुम्हाला कचेरीत हजेरी लावायची नाही, तेव्हा तिच्या वाटेत उभं राहायचं कारण नाही. ठाण्याला किंवा बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरला असाल तर सातच्या आत बाहेर पडा, नाहीतर अकरानंतर. परतताना दुपारी चारच्या आत, नाहीतर चौपाटीवर निवांत बसून रात्री नऊनंतर. मुक्काम दक्षिणेला असेल तर उत्तरेकडच्या जागा सकाळी उरका. त्या वेळी डाऊन गाड्या त्यातल्या त्यात मोकळ्या असतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणारी गाडी ती अप, तिथून दूर जाणारी ती डाऊन, एवढं लक्षात असलं की घोषणा आपोआप कळू लागतात.

लाइनी तीन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे, मध्य रेल्वे सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे, हार्बर सीएसएमटीहून पनवेलकडे. पश्चिम आणि मध्य दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठवर जाणार, किती वाजता, बारा डब्यांची की पंधरा, आणि धीमी की जलद हे सगळं असतं. धीमीपुढे इंग्रजी एस, जलदपुढे एफ. या एका अक्षराकडे नवखा माणूस बघत नाही आणि भलतीकडेच उतरतो. पश्चिमेची जलद लोकल चर्चगेटनंतर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशी मोठी स्टेशनं घेते. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, महालक्ष्मी, म्हणजे नेमकी पाहुण्याच्या कामाची स्टेशनं, धीम्या गाडीचीच. मध्य रेल्वेवर जलद गाडी भायखळ्याला थांबते, मस्जिदला थांबत नाही.

चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी महत्त्वाची. समजा दादरला उतरायचंय. गाडी परळ किंवा प्रभादेवीच्या आसपास आली की दाराकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला फक्त एवढंच विचारायचं, “दादर का?” त्यानं मान हलवली तर त्याच्या मागे उभं राहा, तो नाही म्हणाला तर तो स्वतःच कड देऊन तुम्हाला पुढे घेईल. हा व्यवहार रोज लाखो लोक दोन शब्दांत करतात आणि त्यात कुणाला राग येत नाही. पाठीवरची सॅक पुढे पोटावर घ्या. फलाट कुठल्या बाजूला येणार हे ठाऊक नसेल तर तेही विचारा. मुंबईचा माणूस घाईत असला तरी स्टेशनाची माहिती विचारली तर देतो. आणि कितीही वारा सुखाचा वाटला तरी दारात लटकू नका, रूळ ओलांडू नका.

डब्यांचंही थोडं. फर्स्ट क्लासच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात आणि आतली बाकं सेकंड क्लाससारखीच दिसू शकतात, म्हणून चुकून चढणारे पुष्कळ. दंड मात्र भरावाच लागतो. एसी लोकलचं तिकीट वेगळं, साधं तिकीट तिथं चालत नाही. बायकांचे डबे राखीव असतात, तेव्हा जोडीनं फिरणाऱ्यांनी कुठल्या स्टेशनवर, फलाटाच्या कुठल्या टोकाला भेटायचं हे चढण्याआधीच ठरवावं. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर खिडकीवर ‘टुरिस्ट तिकीट’ मागा. एक, तीन आणि पाच दिवसांची अशी तिकिटं मिळतात आणि दर वेळी रांग लावायची दगदग वाचते.

उपनगरात पत्ता घेताना ‘पूर्व की पश्चिम’ हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. रेल्वेनं प्रत्येक उपनगराचे दोन भाग केलेत आणि चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर पूल चढून पुन्हा इकडे यावं लागतं. बरोबर आजी-आजोबा असतील तर हा हेलपाटा फार जाचतो. रिक्षा माहीम आणि शीवपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सी किंवा बेस्टची बस. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि पाहुण्यांची मोठी सोय झाली: विमानतळाची दोन्ही टर्मिनल, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सगळी स्थानकं एकाच मार्गावर आहेत. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी मेट्रोच सुचवीन. ज्याला शहर पाहायचंय त्यानं मात्र एकदा तरी भुयारातून वर येऊन लोकलच्या खिडकीशी बसावं. चर्नी रोड सोडून गाडी मरीन लाइन्सकडे निघाली की डाव्या अंगाला जुन्या मुंबईच्या इमारतींच्या गच्च्या आणि गॅलऱ्या, आणि उजव्या अंगाला समुद्र दिसत राहतो.

आता पायी फिरण्याकडे येतो, कारण मुंबईचा गाभा पायीच उलगडतो. सीएसएमटीपासून सुरुवात करा आणि गेटवेला संपवा. आडवळणं धरून तीन किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, सावकाश चाललं तर एक अख्खी सकाळ.

सीएसएमटीसमोर महापालिकेच्या इमारतीकडच्या बाजूला उभं राहून आधी वर बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. स्टेशनाच्या घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ: एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. भिंतीजवळ गेलात की दगडात मोर, माकडं, पानं, वेली कोरलेल्या दिसतात. यातलं पुष्कळसं काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. दर्शनी भागातल्या चेहऱ्यांमध्ये नाना शंकरशेटही आहेत, आणि ते तिथं असायलाच हवेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्यामागे जे खटपट करणारे होते त्यात हा मुरबाडकडचा माणूस आघाडीवर होता. बरोबर मुलं असतील तर त्यांना दगडातले प्राणी शोधायला लावा.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं दक्षिणेकडे निघा. दुतर्फा कमानींच्या सावलीतून चालता येतं, त्यामुळे भर उन्हातही त्रास होत नाही. पुढे हुतात्मा चौक: एकीकडे १८६४ चं फ्लोरा फाउंटन, शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचं स्मारक, हातात मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार. बाहेरगावचे लोक फोटो काढतात ते कारंज्याचा. स्मारकाजवळही दोन मिनिटं थांबा. हे राज्य आणि त्याची ही राजधानी या माणसांनी जीव देऊन मिळवली आहे.

चौकातून उजवीकडे वळून ओव्हल मैदानात शिरा आणि मधोमध उभे राहा. या एका जागेसाठी मी पाहुण्यांना फोर्टात चालायला लावतो. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि जवळपास ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर: काळपट दगड, टोकदार कमानी, उतरती छपरं. पश्चिमेला एका रांगेत फिकट रंगांच्या, गोल कोपऱ्यांच्या, लांब गॅलऱ्यांच्या इमारती आणि चर्चगेटच्या कोपऱ्यावर १९३८ चं इरॉस थिएटर. मध्ये फक्त क्रिकेट. पूर्वेकडची बाजू एकोणिसाव्या शतकातली. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा वाहू लागला. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच कापसाच्या बाजारातले बडे दलाल. टॉवरला नाव त्यांच्या आईचं. तेव्हा या इमारतींच्या समोर मैदान आणि पलीकडे समुद्र होता. पुढे १९२०-३० च्या दशकांत बॅकबेचा भराव पडला, समुद्र मागे हटला आणि त्या नव्या जमिनीवर सिमेंट-काँक्रीटची ही दुसरी रांग उभी राहिली. तिला आर्ट डेको म्हणतात. दोन शतकं समोरासमोर उभी आहेत, आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं ते या दोन्ही रांगा मिळून. रविवारी सकाळी आलात तर रस्ते रिकामे आणि मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चाललेले असतात. कुठला चेंडू कुठल्या सामन्यातला हे खेळणाऱ्यांना बरोबर कळतं.

पुढे काळा घोडा, जहांगीर कलादालन, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. संग्रहालयाला दोन तास तरी ठेवा, नाहीतर जाऊच नका. धावत पाहण्यासारखं ते नाही. गेटवे तिथून दहा मिनिटांवर. त्याची आणि संग्रहालयाची, दोन्ही कामं जॉर्ज विटेटची. पंचम जॉर्ज १९११ मध्ये आले तेव्हा गेटवे बांधलेलाच नव्हता. तो पुरा झाला १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजी सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली.

मराठी पाहुण्यानं एक दुपार गिरगावला द्यावी असं मला मनापासून वाटतं. फोर्टात साहेबाची मुंबई दिसते, गिरगावात आपली. खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ, जिथं १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताच्या वाडीतले लाकडी गॅलऱ्यांचे बंगले. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा, १९२० मध्ये त्यांना अग्नी दिला त्या जागी. वाडीतले बंगले ही लोकांची राहती घरं आहेत. गॅलरीत कुणी असेल तर विचारून मगच फोटो काढा, आवाज हळू ठेवा.

आता वार. घारापुरी आणि कान्हेरी, दोन्ही लेणी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग लांबते. नवस फेडायचा नसेल तर दुसरा कुठलाही वार बरा. हाजी अलीला गुरुवार-शुक्रवार गर्दी. रविवारी फोर्ट निवांत, पण क्रॉफर्ड मार्केटकडची बरीच दुकानं बंद, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी साधारण अकरा ते चार या वेळात काही मार्गांवर गाड्या बंद किंवा दुसऱ्या मार्गानं सोडतात. कुठल्या लाइनला ब्लॉक आहे हे शनिवारच्या पेपरात येतं. ते पाहिल्याशिवाय रविवारचा बेत ठरवू नका. डबेवाले पाहायचे तर कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनबाहेर. लांब लाकडी फळ्यांवर डबे उतरवून, झाकणांवरच्या खुणा वाचून त्यांची वाटणी होते ती काही मिनिटांची गोष्ट. रस्त्याच्या कडेला राहून बघा, वाटेत येऊ नका. एप्रिलमध्ये मावळ-खेडकडच्या गावच्या जत्रांसाठी ते काही दिवस सुट्टी घेतात.

वेळेचा हिशेब आणखी एक घड्याळ सांगतं, ते समुद्राचं. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. गेटवेला ओहोटीच्या वेळी बोटीत चढायच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि शेवाळानं निसरड्या झालेल्या असतात. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या लाटा पाहायच्या तर मोठ्या भरतीचा दिवस गाठावा लागतो. कोकणातले लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की तास येतात. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढतं. हा अंदाज बहुतेक वेळा पुरतो. नेमकी वेळ मुंबईच्या पेपरात असते.

घारापुरीला एक दिवस मोकळा ठेवा आणि गेटवेवरून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरा. पाण्यावर साधारण तास जातो. लाइफ जॅकेट मिळालं नाही तर मागून घ्या आणि घाला, मुलांना तर घालाच. बेटावर उतरलं की धक्क्यापासून छोटी गाडी, मग शंभराहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि माकडं. हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका. मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला आहे आणि पूर्व-पश्चिमेकडूनही उजेड आत येतो. सदाशिवाची मूर्ती आहे ती थेट समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सर्वांत आत. उन्हातून आत गेल्याबरोबर ती नीट दिसत नाही, म्हणून लगेच पुढे धावू नका. खांबांच्या मधल्या वाटेवर उभं राहून डोळे सरावू द्या. हळूहळू मधला शांत चेहरा, मग एका बाजूचा उग्र आणि दुसऱ्या बाजूचा कोमल चेहरा अंधारातून वर येतात. सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगर आतून पोखरून हे केलंय, दगड बाहेरून आणून रचलेला नाही. पश्चिमेकडचं चार दारांचं शिवलिंगाचं गर्भगृह आणि दारांवरचे द्वारपाल पाहायला विसरू नका. बहुतेक लोक सदाशिवापुढे फोटो काढून तिथूनच परततात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो मात्र आता इथं नाही. हलवताना तो फुटला, पुढे तुकडे जोडून भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. त्या दिवसांत कान्हेरी धरावी: बोरिवली पूर्वेला उद्यानाचं फाटक, आतून बसनं लेण्यांच्या पायथ्याशी. पावसात तिथली कोरीव पाण्याची टाकी आणि कातळातल्या पन्हळी वाहत्या पाहायला मिळतात, भिक्षूंनी पाणी कसं साठवलं असेल हे तेव्हाच नीट कळतं.

परतीचं तिकीट मात्र आदल्या रात्री एकदा डोळ्यांखालून घाला, कारण मुंबईत नावं फसवतात. मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचं स्टेशन, मध्य रेल्वेचं नव्हे. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ला लोकल स्टेशनला लागून नाही. हार्बरचं टिळकनगर त्याला जवळ पडतं. वांद्रे टर्मिनसही वांद्रे लोकल स्टेशनपासून निराळं, त्याला खार स्टेशनावरून पादचारी पूल आहे. गाडी रात्रीची असेल तर सकाळीच कुलूप लावलेलं सामान त्या टर्मिनसच्या क्लोक रूममध्ये ठेवून, तिकीट दाखवून पावती घ्या, आणि हात मोकळे ठेवून फिरा. संध्याकाळी सहा वाजता दोन बॅगा घेऊन दादरला उत्तरेकडची लोकल पकडायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.